नंबरवालीचं बटण

तिला सगळं शहर ‘नंबरवाली’ म्हणायचं. त्यात चेष्टा किती आणि कौतुक किती, हे म्हणणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. नाव पडलं ती आठ वर्षांची असताना. तिची आई सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर बसायची. काम एकच. येणाऱ्याला नंबराचा पत्र्याचा बिल्ला द्यायचा आणि डॉक्टर मोकळे झाले की पुढचा नंबर पुकारायचा. आईचा आवाज मऊ. दाराशी पन्नास माणसं एकमेकांच्या अंगावर, आणि ही आपली म्हणतेय, "सव्वीस... सव्वीस नंबर आहे का कोणी?" धट्टेकट्टे पुढे घुसायचे आणि काठी टेकत आलेले मागेच राहायचे. एके दिवशी शाळेतून येऊन खिडकीशी गृहपाठ करत बसलेली पोर स्टुलावर चढली आणि कडाडली, "सव्वीस! फक्त सव्वीस! सत्तावीसनं मागं व्हायचं!" सत्तावीस नंबरचा आडदांड माणूस खरोखर दोन पावलं मागं सरला. आवाज कोणाचा ते बघायला डॉक्टर बाहेर आले. त्या दिवसापासून शाळा सुटली की पोर स्टुलावर.

ही पोर पुढे सॉफ्टवेअर शिकली आणि चोविसाव्या वर्षी कंपनी काढून बसली. कंपनी म्हणजे इस्त्रीच्या दुकानावरची एक खोली. खालून इस्त्रीची वाफ, वर दोन संगणक, आणि उन्हाळ्यात फरशी अशी तापायची की पाय खुर्चीवर घेऊन काम करावं लागे. तिनं तिथं काय बनवलं असेल? दुसरं काय, नंबर पुकारणारं मशीन! पहिलं गिऱ्हाईक एक दातांचे डॉक्टर. पहिल्या दिवशी मशीन लावलं, बटण दाबलं, आणि मशीननं एका दमात एक ते चारशे नंबर पुकारून टाकले. प्रतीक्षेत एकच पेशंट होता. तो दाढ धरून जो पळाला तो पुन्हा दिसला नाही. दुसरी कोणी असती तर रडली असती. ही पोट धरून हसली, तिथंच जमिनीवर बसून चूक शोधली आणि संध्याकाळच्या आत मशीन सरळ केलं.

त्याच आठवड्यात तिनं एक माणूस नेमला. पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. कंपनीत सगळे त्यांना शंकासुर म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. प्रत्येक कामावर त्यांचा एकच प्रश्न, "आणि तसं नाही झालं तर?" प्रश्न विचारायचा, तारीख घालून छोट्या वहीत लिहायचा, वही खिशात. बारा वर्षांत कंपनी चाळीस माणसांची झाली, दवाखाने झाले, बँका झाल्या, आणि मग आलं सगळ्यात मोठं काम. नगरपालिकेचं! रस्ता, दिवा, नळ, गटार, काहीही असो, नागरिकानं फोन करायचा, तक्रारीला नंबर पडणार, नंबराचा मेसेज घरी येणार. तिच्या पायाला तेव्हा भिंगरी लागली होती. आईच्या फोनवर पहिला चाचणीचा मेसेज आला तेव्हा आईनं तो शेजारच्या चार घरांत नेऊन दाखवला.

आता ते बटण. काम संपत आलेलं असताना तक्रार विभागाचे साहेब म्हणाले, "मॅडम, काम झालं की लोक कुठे कळवतात? तक्रारी उघड्याच राहणार. आमच्याकडे एक बटण द्या, ‘निकाली’. काम झालं की आम्ही दाबू, नागरिकाला मेसेज जाईल." तिला पटलं. सव्वा तासात बटण तयार! शंकासुरांनी चष्मा वर केला.

"आणि काम झालंच नसेल तर?"

"अहो काका, काम झालं नसेल तर बटण कोण कशाला दाबेल?"

शंकासुरांनी वही काढली, लिहिलं आणि खिशात ठेवली. ती तोवर पुढच्या कामाला लागलीसुद्धा होती.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. ती पंचेचाळीस पार केलेली, चष्मेवाली, बोलताना हात उडवणारी बाई झाली. तिच्या ऑफिससमोरचा रस्ता ओलांडायचा सिग्नल बंद पडला. तिनं तक्रार केली. नंबर आला. चौथ्या दिवशी मेसेज आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ खिडकीतून पाहिलं, तर सिग्नल मख्ख. पुन्हा तक्रार, पुन्हा निकाली. तिसऱ्यांदाही तेच! तिसऱ्या मेसेजनंतर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती तडक नगरपालिकेत जाऊन थडकली.

तक्रार विभागात एक पिकल्या मिशांचा, गरीब स्वभावाचा कारकून होता. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"मॅडम, रागावू नका. महिनाअखेरीला वरून आकडा मागतात. उघडी तक्रार दिसता कामा नये. मग आम्ही काय करतो, हे बघा, ‘सगळ्या निवडा’, आणि हे, ‘निकाली’. झालं!"

स्क्रीनच्या कोपऱ्यात तिच्या कंपनीचं छोटं निळं चिन्ह होतं. बटण अगदी तिनं ठेवलं होतं तिथंच, तसंच, गोल कडांचं. इतके दिवस ती दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत हिंडली, आणि मुसळ इथं होतं.

"हे बटण मी काढून टाकते," ती म्हणाली. "आजच. फुकट."

कारकून दचकला. "छे छे! कामकाजाची पद्धत बदलायची तर सभेचा ठराव लागतो."

ठरावासाठी ती वॉर्डाच्या नगरसेवकांकडे गेली. फरशांच्या मोठ्या दुकानाचे मालक, तीनदा निवडून आलेले, बोलणं खडीसाखरेसारखं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "ताई, तुमची तळमळ समजते. पण ठराव मांडायला नगरसेवक व्हावं लागतं." आणि दिलखुलास हसले.

"मग होते," ती म्हणाली.

ती जिना उतरून रस्त्यावर आली तेव्हा तिचं काळीज असं धडधडत होतं की तिला पहिल्या मशीनचा दिवस आठवला. ऑफिसात येऊन तिनं शंकासुरांकडे ती जुनी वही मागितली. बारा वर्षांपूर्वीच्या पानावर लिहिलं होतं, ‘काम झालं नसेल तर? उत्तर: कोण कशाला दाबेल.’ उत्तरासमोर प्रश्नचिन्ह होतं. शंकासुरांनी वही परत घेतली आणि खिशात ठेवली.

नगरपालिकेचं काम घेणाऱ्या कंपनीची मालकीण नगरसेवक कशी होणार? निवडणूक तोंडावर आली होती. तिनं महिन्याभरात कंपनी धाकट्या भागीदारांच्या हवाली केली आणि अपक्ष अर्ज भरला. शंकासुर निवृत्तीला टेकलेच होते, ते प्रचाराला आले. आई म्हणाली, "कर बाई. आवाज तर तुझा तेव्हापासूनच आहे." चौऱ्याहत्तरीची आई डबा उघडताना उजव्याच हातानं खटपट करायची. अकरा वर्षांपूर्वी बाजाराच्या दगडी पायऱ्यांवरून ती पडली होती, तेव्हापासून डावं मनगट पुरतं वळत नव्हतं.

सॉफ्टवेअरवाली माणसं राजकारणात गेली की काय करतात ते बघण्यासारखं होतं. तिच्या पहिल्या पत्रकात एकोणीस मुद्दे होते, प्रत्येकाला पोटमुद्दे, आणि खाली ‘आवृत्ती दुसरी, सुधारित’. लोकांनी त्यात फुटाणे बांधून खाल्ले. पहिल्या कोपरासभेत तर जो तो एकदम बोलायला लागला, कोणाचं कोणाला ऐकू येईना. तिनं आईकडे पाहिलं. आईनं पिशवीत हात घातला आणि काय काढावं? दवाखान्यातले पत्र्याचे जुने बिल्ले! निवृत्तीच्या दिवशी मागून घेतलेले, दोऱ्यात ओवलेले. प्रत्येकाला बिल्ला, प्रत्येकाला दोन मिनिटं, नंबराप्रमाणे. फरशीवाल्यांनी सभा उधळायला चार माणसं पाठवली होती. त्यांच्या वाट्याला अठ्ठावन्न ते एकसष्ट आले. बिचारे दीड तास गप्प बसून राहिले, आणि नंबर आला तोवर त्यांतल्या एकाला स्वतःच्या गल्लीतलं गटार आठवलं होतं. तो त्याच्यावरच बोलला! लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या सभेला दुप्पट गर्दी.

सगळ्या सभांत ती एकच सांगायची. तक्रार ज्यानं केली, त्यानं ‘झालं’ म्हटल्याशिवाय ती बंद होता कामा नये. निकाली बटण काढायचं, बस्स. फक्त ते बटण कोणी बनवलं, एवढं ती सांगत नव्हती. शंकासुर रोज टोचायचे, "सांगून टाका, बाई. दुसऱ्यानं सांगितलं तर?" ती म्हणायची, योग्य वेळी सांगू. योग्य वेळ कधी येते काय? शाळेच्या सभागृहात दोन्ही उमेदवार समोरासमोर आले, आणि फरशीवाले उठून गोड आवाजात म्हणाले, "ताई ज्या बटणाशी लढताहेत, ते बनवलं कोणी, एवढं त्यांना विचारा."

पहिल्या रांगेत आई बसली होती. आपण पुन्हा त्या लहानपणीच्या स्टुलावर उभ्या आहोत आणि उतरून पळून जावं, असं नंबरवालीला त्या क्षणी वाटलं. पण आवाज आला तो तिचाच.

"मी. सव्वा तासात. मला सावधही केलं होतं, मी ऐकलं नाही. आणि इतके दिवस तुम्हाला सांगितलं नाही, तीही माझीच चूक."

मागून एक न्हावी उठला. त्याचा बिल्ला नऊ नंबरचा होता आणि नंबर त्याचाच होता. "मग आम्ही तुम्हाला मत का द्यायचं?"

"कारण ते कुठे आहे आणि कसं काढायचं, ते मला माहीत आहे."

कोणीतरी हसलं, कोणीतरी शिट्टी मारली, निम्मे लोक उठून गेले. बाजी हातची गेली असं सगळ्यांना वाटलं. तिला मात्र, खरं सांगायचं तर, इतकं हलकं वाटत होतं की घरी जाताना ती आईचा हात धरून जवळजवळ पळत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं रीतसर अर्ज करून वॉर्डातल्या निकाली निघालेल्या सगळ्या तक्रारींची यादी मागवली. दोन हजार एकशे सोळा! भाषणं बंद. ती आणि शंकासुर यादी घेऊन दारोदार जायला लागले. दार उघडलं की एकच प्रश्न, "तुम्ही ही तक्रार केली होती. काम झालं का?" लोक आधी बघतच राहायचे. सात वर्षांपूर्वीच्या नळाची आठवण कोणी काढतंय! "नाही हो ताई, अजून ठिबकतोय, या, दाखवतो." एका शिंपिणीनं तर दिव्याच्या तक्रारीचा मेसेज सहा वर्षं फोनमध्ये जपून ठेवला होता, कधीतरी कोणीतरी विचारेल म्हणून. शंकासुर यादीवर फुल्या मारत होते, ती धापा टाकत जिने चढत होती, आणि दर दारागणिक दोघांचा हुरूप वाढत होता.

चौथ्या दिवशी दुपारी, यादीचं सातवं पान. शंकासुर थबकले.

"बाई, हा फोन नंबर तुमच्या घरचा ना?"

तक्रार क्रमांक तीनशे अठरा. बाजाराच्या दगडी पायऱ्या, कठडा तुटलेला. निकाली. तारीख तिनं दोनदा वाचली. आई पडली त्याच्या दोनच दिवस आधीची होती.

ती घरी आली. आई वाटाणे सोलत होती.

"आई, तू त्या पायऱ्यांची तक्रार केली होतीस?"

आईनं मान वर केली नाही. "जाऊ दे ना आता. जुनी गोष्ट."

"तू तर म्हणालीस पाय घसरला."

"घसरलाच की." आईनं दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "मेसेज आला ना, झालं म्हणून. म्हटलं, मशीन माझ्या लेकीचं, ते कशाला खोटं बोलेल? त्याच बाजूनं उतरायला गेले. डोक्यात कठडा आहे असंच, म्हणून न बघताच हात टाकला. हाताखाली काहीच नव्हतं."

ती आईसमोर जमिनीवर बसली आणि तिनं ते डावं मनगट दोन्ही हातांत धरलं. अकरा वर्षं रोज पाहिलेलं मनगट. ती ढसाढसा रडली. आई म्हणाली, "अगं, तू तेव्हा केवढी खूश होतीस! तुला काय सांगायचं होतं?"

शंकासुरांचं मत होतं की ही गोष्ट सभेत सांगावी, सगळी मतं फिरतील. तिनं साफ नकार दिला. आईचं मनगट पत्रकावर छापायचं नाही. पण त्यानंतर ती जिने चढायची ती दोन दोन पायऱ्या एकदम.

मतमोजणी व्यायामशाळेत झाली. आघाडीचा आकडा वर जाई तसा तिचा श्वास वर, खाली येई तसा खाली. शेवटची पेटी उघडली, मोजली, आणि ती त्रेसष्ट मतांनी पुढे! फरशीवाल्यांचा माणूस ओरडला, "पुन्हा मोजा!" त्याच क्षणी शंकासुरही ओरडले, "पुन्हा मोजा!" सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ते म्हणाले, "चुकून जिंकलो असलो तर?" दोन्ही बाजूंची मागणी एकच, अधिकाऱ्यांनी पुन्हा मोजलं. चौसष्ट! न्हाव्यानं टोपी उडवली, शिंपिणीनं तिला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघी पडल्या.

ठराव पहिल्या सभेत आपटला. सगळे म्हणाले, अशानं तक्रारी बंदच होणार नाहीत, आकडे वाईट दिसतील, शहराची बदनामी होईल. दुसऱ्या सभेत तिनं भाषण केलंच नाही. संगणक उघडला आणि एकेकाला म्हणाली, "आपल्या घरचा फोन नंबर टाकून बघा." नगराध्यक्षांनी हसत हसत टाकला. त्यांच्याच घरासमोरचं गटार, तक्रार त्यांच्या पत्नीनं केलेली, तीनदा निकाली! सभागृहात खसखस पिकली. नगराध्यक्ष हसले नाहीत. "म्हणजे मी घरी रोज ऐकतो ते यामुळे," ते म्हणाले आणि हात वर केला. एकवीस विरुद्ध अठरा. ठराव मंजूर! कंपनीतल्या पोरांनी बटण काढलं. त्यांना पाऊण तासच लागला.

जुन्या तक्रारी पुन्हा उघडल्या, धोक्याच्या जागा आधी घ्यायच्या ठरल्या, आणि एका सकाळी बाजाराच्या पायऱ्यांवर नवा लोखंडी कठडा उभा राहिला. आईच्या फोनवर मेसेज आला. ‘तक्रार क्रमांक ३१८. काम झालं का? झालं / नाही.’

ती आईला घेऊन पायऱ्यांवर गेली. खाली पिकल्या मिशांचा कारकून उभा होता, शेजारी वेल्डर, न्हावी दुकान सोडून आलेला, शंकासुर वही घेऊन. आई कठड्याशी गेली. आधी तिनं नीट पाहिलं, मग डावा हात त्यावर ठेवला, मग उजव्या हातानं तो गदागदा हलवला. एक पायरी उतरली. पुन्हा हलवला.

"हलतोय," आई म्हणाली.

"थोडासाच, आजी," कारकून म्हणाला. "सिमेंट ओलं आहे, बसेल आपोआप. दाबा ‘झालं’. पहिलीच तक्रार आहे नव्या पद्धतीतली, वर साहेब वाट बघताहेत."

आईनं लेकीकडे पाहिलं. आवाज खाली आणून विचारलं, "काय करू गं? एवढी तू लढलीस, लोक जमलेत. ‘झालं’ म्हणून टाकू?"

"आई, तुझी तक्रार आहे. मला विचारू नकोस."

आईनं फोन डोळ्यांजवळ धरला. मग तिनं ‘नाही’ दाबलं.

कारकुनाच्या खिशातला फोन लगेच वाजला. तीनशे अठरा, उघडी. तो बघतच राहिला. बारा वर्षांत त्या फोनवर कोणी ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं. आणि नंबरवाली? ती पायऱ्यांच्या मधोमध उभी राहून आठ वर्षांच्या पोरीसारख्या टाळ्या पिटत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती ओरडत होती, "‘नाही’ पोचलं! काका, पोचलं!" शंकासुरांनी वही काढली, ते जुनं पान उघडलं आणि उत्तरासमोरचं प्रश्नचिन्ह खोडलं.

कारकुनानं कपाळावरचा घाम पुसला. "आजी, वेल्डर हत्यारं आणायला जाईल, तास-दीड तास लागेल. तुम्ही घरी जा ना."

"नाही," आई म्हणाली, आणि पदर सावरून पायरीवर बसली. "मी बसते इथंच. माझा नंबर चालू आहे."